खाडीकाठचा ख्रिस्ती उपवास

२०२५ सालच्या वसंतारंभी आपल्या भिवंडीच्या परिसरात एक लक्षात ठेवण्याजोगा योग जुळून आला. २६ फेब्रुवारीस महाशिवरात्र झाली. २ मार्चला रमजानचा पहिला रोजा धरला गेला. ३ मार्चच्या सोमवारी शेजारच्या कल्याणात राहणाऱ्या, केरळातून आलेल्या सिरियन परंपरेच्या ख्रिस्ती कुटुंबांचा पन्नास दिवसांचा उपवास सुरू झाला. ५ मार्चच्या बुधवारी वसईच्या ख्रिस्ती बांधवांनी कपाळी राख लावून घेतली आणि त्यांचा चाळीस दिवसांचा उपवासकाळ लागला. १० मार्चला आमलकी एकादशी आली. अवघ्या तेरा दिवसांत, एका खाडीच्या काठाने, इतक्या घरांतल्या चुली निरनिराळ्या कारणांनी मंदावल्या.

यांपैकी शिवरात्र आणि एकादशी म्हणजे काय हे येथील हिंदू माणसाला सांगावयास नको, आणि रोजा म्हणजे काय हे भिवंडीत राहणाऱ्या कोणालाच सांगावयास नको. ख्रिस्ती उपवासाविषयी मात्र आपली माहिती फार थोडी. वसई येथून चिंचोटी-कामणच्या रस्त्याने काही तासांचीही वाट नाही; तथापि तिथला शेजारी उपवास करतो म्हणजे नेमके काय करतो, असे विचारले तर आपण बहुधा एवढेच सांगू, की ते शुक्रवारी मटण खात नाहीत, मासळी मात्र खातात. आणि मग हळूच पुढचा प्रश्न येतो : मासळी खाऊन उपवास कसला? हा प्रश्न प्रामाणिक आहे. त्याची चेष्टा न करता त्याचे उत्तर शोधू लागलो, तर ख्रिस्ती उपवासाचा आचार, त्याचा हेतू आणि आपल्या या मुलखातला त्याचा बराच लांबचा इतिहास, हे तिन्ही आपल्या हाती लागतात.

आधी आचार पाहू. रोमच्या पोपना मानणाऱ्या कॅथलिक पंथाच्या नियमांत दोन गोष्टी वेगळ्या केलेल्या आहेत. पहिली उपवास, म्हणजे अन्नाचे प्रमाण कमी करणे : दिवसातून एकच पोटभर जेवण, आणि लागलेच तर दोन वेळा अगदी थोडेसे काही. दुसरी मांसवर्जन, म्हणजे प्रमाण कितीही असो, पशुपक्ष्यांचे मांस ताटात येऊ द्यायचे नाही. आजच्या नियमाप्रमाणे उपवास वर्षातून दोनच दिवस बंधनकारक आहे : राखेच्या बुधवारी, आणि येशूच्या क्रूसमरणाच्या स्मृतीच्या शुक्रवारी, ज्याला आपण गुड फ्रायडे म्हणतो. वयाची अठरा वर्षे पुरी झालेल्यांपासून साठाव्या वर्षात पदार्पण करीपर्यंत हे बंधन असते. मांसवर्जनाचे बंधन चौदाव्या वर्षापासून, आणि ते मुख्यतः शुक्रवारचे.

राखेच्या बुधवारापासून ईस्टरच्या रविवारपर्यंत मोजले तर शेहेचाळीस दिवस भरतात. मग चाळीस दिवस कसे म्हणतात? मध्ये सहा रविवार येतात. रविवार हा येशूच्या पुनरुत्थानाचा वार, आनंदाचा वार. त्या दिवशी उपवास करायचा नाही असा फार जुना दंडक आहे. सहा वजा केले की चाळीस उरतात. येशूने अरण्यात काढलेले चाळीस दिवस, त्याच्या आधी मोशेने सीनाय पर्वतावर आणि एलिया संदेष्ट्याने होरेबच्या वाटेवर काढलेले चाळीस दिवस, यांचे हे स्मरण आहे. या काळाचे लॅटिन नाव चाळीस या आकड्यावरूनच पडले. त्याचे पोर्तुगीजांनी 'क्वारेज्मा' केले आणि गोव्याच्या कोकणीने 'कोरेज्म'. वसईच्या मराठीत याला उपवासकाळ किंवा प्रायश्चित्तकाळ म्हणतात. कपाळी लावायची राखही विचारपूर्वक निवडलेली असते. मागल्या वर्षी झावळ्यांच्या रविवारी जयजयकारासाठी हाती धरलेल्या झावळ्या जपून ठेवून, वाळवून, त्यांचीच ही राख केली जाते. कालचा जयजयकार आज राख झाला, एवढे त्या बोटभर राखेत सांगितलेले असते.

आता मासळीचे. ख्रिस्ती उपवासाचे नियम भूमध्य समुद्राच्या काठी आणि युरोपात घडले. तेथे मांस हे मेजवानीचे, श्रीमंतीचे, सणाचे अन्न. मासळी हे त्यामानाने साधे आणि थंड मानलेले अन्न. म्हणून सणाचे अन्न सोडले आणि साधे ठेवले. आपल्याकडे शाकाहार हा पावित्र्याचा निकष असल्याने मांस आणि मासळी एकाच रांगेत बसतात, आणि मासळी खाणारा उपवासी आपल्याला विसंगत वाटतो. पण कोळ्याच्या घरी रोजचे अन्न मासळीच. तिच्यात चैन ती कसली? उलट वसईकर ख्रिस्ती मनुष्य आपल्याला विचारू शकतो, की साबुदाण्याची खिचडी, शेंगदाण्याची आमटी, बटाट्याची भाजी आणि वर रताळ्याच्या गोड फोडी, हे ताट उपवासाचे कसे? त्या ताटाचा इतिहास तर गमतीचा आहे. बटाटा, रताळे, भुईमूग, मिरची, आणि ज्याच्यापासून आपल्याकडचा साबुदाणा होतो तो कसावा कंद, हे सारे मूळचे अमेरिका खंडातले. कोलंबसाच्या १४९२ च्या प्रवासानंतर ते जगभर पसरले आणि हिंदुस्थानात त्यांतील बरेचसे पोर्तुगीज व्यापाराबरोबर आले. बटाटा हा शब्दही आपल्याला पोर्तुगीजांकडूनच मिळाला. तेव्हा ताट पाहून उपवास ओळखू गेलो, तर आपण आणि आपला शेजारी दोघेही फसतो. ताटात काय आहे याहून, ताटातून काय गेले आणि ते कोठे गेले, हे विचारले पाहिजे.

ख्रिस्ती उपवासाचा हेतू याच प्रश्नात आहे. येशू ज्या यहुदी परंपरेत वाढला, तिच्यात उपवास होताच. त्या परंपरेतील यशया नावाच्या संदेष्ट्याने लोकांना फार कडक शब्दांत सुनावले होते. त्याचा आशय असा, की उपवासाच्याच दिवशी तुम्ही मजुरांना पिळता आणि भांडणे करता, मग देवाने या उपवासाकडे पाहावे तरी का? बांधलेल्यांना सोडवा, भुकेल्याला आपल्या भाकरीतला वाटा द्या, तो देवाला आवडणारा उपवास. येशूने पर्वतावरील प्रवचनात याला आणखी एक गोष्ट जोडली. उपवास करताना तोंड सुकवून लोकांपुढे मिरवू नका. तोंड धुवा, केसांना तेल लावा, म्हणजे तुमचा उपवास तुमच्यात आणि देवातच राहील. त्याच प्रवचनात दान, प्रार्थना आणि उपवास ही तिन्ही एकापाठोपाठ येतात आणि तिन्हींना एकच अट आहे : गाजावाजा नको. पुढे ख्रिस्ती आचार्यांनी ही तीन एकत्रच शिकविली. प्रार्थनेवाचून उपवास म्हणजे नुसती उपासमार, आणि दानावाचून उपवास म्हणजे नुसती काटकसर, असा त्यांच्या शिकवणीचा मथितार्थ आहे.

हे केवळ उपदेशात राहिले नाही, याला फार जुना पुरावा आहे. दुसऱ्या शतकात रोममध्ये लिहिलेल्या 'हर्मासचा मेंढपाळ' या ग्रंथात उपवासाची रीत हिशेबासह सांगितली आहे. उपवासाच्या दिवशी भाकरी आणि पाणी यांवर राहावे. एरवी त्या दिवशी जे खाल्ले असते त्याची किंमत काढावी. आणि तेवढी रक्कम विधवेला, पोरक्या मुलाला किंवा गरजवंताला द्यावी. त्याच शतकातला आरिस्टायडिस नावाचा अथेन्सकर ख्रिस्ती विचारवंत रोमन सम्राटाला आपल्या लोकांची ओळख करून देताना सांगतो, की त्यांच्यात कोणी उपाशी असेल आणि घरात देण्यापुरते जास्तीचे अन्न नसेल, तर ते दोन-तीन दिवस स्वतः उपास काढतात आणि वाचलेले त्याला देतात. म्हणजे आरंभीचा ख्रिस्ती उपवास हे एक सरळ देणे होते. एका घरातली भूक दुसऱ्या घरात भाकरी होऊन जात असे.

यानंतर नियम वाढले. पहिल्या-दुसऱ्या शतकातील 'दिदाखे' या छोट्या शिकवण-पोथीत बुधवार आणि शुक्रवार हे उपवासाचे वार दिलेले आहेत. ईस्टरपूर्वीचा उपवास प्रथम एक-दोन दिवसांचाच असे, आणि तो किती दिवसांचा असावा यावर मतभेदही होते. चौथ्या शतकात चाळीस दिवसांची मर्यादा रूढ झाली. ३२५ सालच्या निकाया येथील धर्मपरिषदेच्या ठरावांत तिचा उल्लेख येतो. तेव्हा रीत अशी होती, की दिवसभर काही न घेता सूर्यास्तानंतर एकदाच जेवायचे. आपल्या गावातल्या रोजेदाराला ही रीत परकी वाटणार नाही. पुढे हे जेवण हळूहळू अलीकडे सरकत गेले. आधी ते तिसऱ्या प्रहराला आले आणि चौदाव्या शतकापर्यंत भर दुपारी. मग संध्याकाळी भूक लागू लागली. मठांत सायंकाळी कॅशियन नावाच्या संताच्या 'संवाद' या ग्रंथाचे वाचन होत असे, त्या वेळी घोटभर पेय घेण्याची मुभा मिळाली, आणि त्या ग्रंथाच्याच लॅटिन नावावरून रात्रीच्या किरकोळ फराळाला 'कोलेशन' हे नाव पडले. नियम माणसाच्या पोटाशी कसा तडजोड करतो, याचे इतके स्पष्ट उदाहरण क्वचित सापडेल.

नियमाला पैशाची वाटही फुटली. मांसाबरोबर दूध, लोणी, अंडीही उपवासकाळात वर्ज्य होती. पण ठराविक दान दिले की सूट मिळे. फ्रान्समधील रूआँ शहराच्या प्रमुख चर्चचा एक मनोरा आजही 'लोण्याचा मनोरा' या नावाने ओळखला जातो, कारण लोणी खाण्याच्या परवानगीबद्दल मिळालेल्या पैशातून पंधराव्या शतकाच्या अखेरीस तो बांधावयास घेतला, असे सांगतात. पोर्तुगालमध्ये अशाच सवलती देणारी धर्मयुद्धाची सनद विकली जाई. दान राहिले, पण त्याचा अर्थ उलटा झाला. आधी न खाल्लेल्या अन्नाची किंमत गरिबाला मिळत असे; आता खाल्लेल्या अन्नाची किंमत देवळाला मिळू लागली.

याविरुद्ध स्फोट झाला तो १५२२ साली स्वित्झर्लंडमधील झुरिक शहरात. क्रिस्तोफ फ्रोशाउअर या मुद्रकाच्या घरी उपवासकाळात काही जणांनी मांसाचे तुकडे खाल्ले. मुद्रकाचे म्हणणे असे, की छापखान्यात रात्रंदिवस काम आहे, नुसत्या पेजेवर कामगार उभा कसा राहील? त्सविंग्ली हा धर्मोपदेशक तेथे हजर होता. त्याने स्वतः खाल्ले नाही, पण खाण्याचा हक्क पुढे प्रवचनातून उचलून धरला. ज्याला उपवास करावयाचा त्याने खुशाल करावा, सक्ती मात्र नको. तेथून प्रॉटेस्टंट पंथांत उपवास हा ज्याच्या त्याच्या मनाचा विषय झाला. अहमदनगरकडील मराठी प्रॉटेस्टंट मंडळींत कॅथलिकांसारखे ठराविक वार आणि वर्ज्य पदार्थ दिसत नाहीत, त्याचे मूळ या वादात आहे. खरे पाहता राबणाऱ्या माणसाची अडचण कॅथलिक शास्त्रालाही ठाऊक होती. तेराव्या शतकात टॉमस अक्वायनस यांनी मजूर, वाटसरू आणि लहान मुले यांच्या उपवासाचा प्रश्न स्वतंत्रपणे विचारात घेतला आहे. रात्रपाळी करून मागावर उभा राहणारा माणूस ज्या गावात घरोघर आहे, त्या गावाने हा मुद्दा विसरू नये.

आता युरोप सोडून आपल्या खाडीकडे येऊ. ख्रिस्ती धर्म येथे पोर्तुगीजांनी आणला असा सर्वसाधारण समज आहे. पण सहाव्या शतकात, सुमारे ५५० साली, कॉस्मस नावाच्या अलेक्झांड्रियाच्या व्यापाऱ्याने लिहून ठेवले आहे, की 'कल्लियाना' येथे ख्रिस्ती लोक असून त्यांचा महागुरू पर्शियातून नेमला जातो. हे कल्लियाना म्हणजे आपले कल्याण, असे अनेक अभ्यासक मानतात. काहींचे मत वेगळे आहे. पुढे १३२१ साली ठाण्यास आलेल्या फ्रान्सिस्कन साधूंना तेथे पर्शियन परंपरेची, म्हणजे ज्यांना नेस्टोरियन म्हणत त्यांची, काही कुटुंबे राहत असलेली आढळली. तेव्हा पोर्तुगीजांच्या पुष्कळ आधी या खाडीकाठी ख्रिस्ती उपवास झाला असेल, तर तो रोमच्या रीतीचा नव्हे, पर्शियाच्या रीतीचा. त्या परंपरेतला तीन दिवसांचा निनवेचा उपवास प्रसिद्ध आहे. योना संदेष्ट्याचा इशारा ऐकून निनवे शहराने केलेल्या पश्चात्तापाचे ते स्मरण असून, सहाव्या शतकाच्या उत्तरार्धात रोगाच्या साथीत तो रूढ झाला, अशी परंपरा सांगते. केरळातील सिरियन ख्रिस्ती लोकांनी हा उपवास टिकवला आहे. १९८८ साली त्यांच्या सिरो-मलबार शाखेचा कल्याण हा स्वतंत्र धर्मप्रांत स्थापन झाला. म्हणजे कल्याण आणि पर्शियन परंपरा यांची गाठ पुन्हा एकदा पडली, ती आता मल्याळी भाषेतून.

वसई पोर्तुगीजांच्या हाती गेली ती १५३४ च्या डिसेंबरात, गुजरातच्या बहादुरशहाशी झालेल्या तहाने. त्यानंतरच्या दोनशे वर्षांत खाडीच्या मुखाशी आणि साष्टी बेटावर मोठा ख्रिस्ती समाज उभा राहिला. या काळाची एक उजळ बाजू आहे. मूळचे इंग्रज असलेले फादर थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यास आले, मराठी शिकले आणि सुमारे अकरा हजार ओव्यांचे 'क्रिस्तपुराण' त्यांनी रचले. ते १६१६ साली रायतूर येथे प्रथम रोमन लिपीत छापले गेले. नव्या ख्रिस्ती लोकांना पुराणश्रवणाची सवय होती. ती न मोडता त्यांना येशूचे चरित्र ओवीत ऐकवावे, अशी त्यांची दृष्टी. येशूच्या अरण्यातील चाळीस दिवसांची कथा त्यामुळे मराठी माणसाला आपल्याच वळणात ऐकावयास मिळाली. हे पुराण देवनागरीत छापून यावयास मात्र १९५६ साल उजाडावे लागले. ते काम पुण्यात प्रा. शांताराम बंडेलू यांनी केले.

दुसरी बाजू अंधारी आहे. १५६० साली गोव्यात इन्क्विझिशन नावाची धर्मचौकशीची कचेरी स्थापन झाली आणि मधली काही वर्षे सोडता ती १८१२ पर्यंत चालली. वसईचा उत्तर प्रांतही तिच्या अधिकारात येत असे. १२१५ सालच्या लॅटेरन परिषदेने प्रत्येक ख्रिस्ती माणसाने वर्षातून एकदा पापकबुली द्यावी आणि ईस्टरच्या सुमारास प्रसाद घ्यावा असा नियम केलेला होता; पोर्तुगीज मुलखात उपवासकाळात ही कबुली कोणी दिली याच्या याद्या ठेवल्या जात. याहून कठोर होता तो १७३६ सालचा गोव्यातील जाहीरनामा. नव्या ख्रिस्ती लोकांच्या घरांतल्या हिंदू चालीरीतींची लांबलचक यादी करून त्याने त्यांवर बंदी घातली. दारी तुळस लावणे, भात बिनमिठाचा शिजवणे, अशा घरगुती गोष्टीही त्या यादीत होत्या. एकादशीचा उपवासही होता. ख्रिस्ती रीतीने केलेल्या उपवासाला मात्र परवानगी होती.

येथे आपण थोडे थांबले पाहिजे. एकच बाई, एकच घर, तीच रिकामी चूल. शुक्रवारी ती उपाशी राहिली तर पुण्य, एकादशीला राहिली तर गुन्हा. बाहेरून पाहणाऱ्याला दोन उपवासांत फरक कोणता दिसणार? फरक तिच्या मनात. आणि मनात डोकावण्याचे साधन नसल्यामुळे पंचांगावरून तिची पारख केली जाई. येशूने जो उपवास तोंड धुऊन लपवावयास सांगितला, तोच आता तपासणीचा विषय झाला. आम्हांस वाटते, ख्रिस्ती उपवासाच्या इतिहासात लोण्याच्या मनोऱ्यापेक्षाही हेतूचा मोठा पराभव झाला तो येथे. लोण्याच्या सवलतीत उपवासाचा लिलाव झाला होता. जाहीरनाम्यात त्याचा पहारेकरी झाला.

या जाहीरनाम्यानंतर एका वर्षाच्या आतच वसईची मोहीम सुरू झाली आणि तिच्या आरंभाशी भिवंडी तालुक्याचे नाव जोडलेले आहे. आपल्या अंजूर गावच्या गंगाजी नाईकांनी पोर्तुगीज अंमलाविरुद्ध पेशव्यांकडे चिकाटीने खटपट केली, ही हकीकत साष्टीच्या बखरीत आली आहे. १७३७ साली मराठ्यांनी साष्टीवर चाल केली आणि १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांनी वसईचा किल्ला घेतला. ही विजयगाथा आपण पुष्कळदा ऐकतो. तिच्या पुढचा भाग सहसा कोणी सांगत नाही. शरणागतीच्या कलमांत मागे राहणाऱ्या ख्रिस्ती रहिवाशांस आपला धर्म पाळण्याची मोकळीक देण्यात आली. पोर्तुगीज अधिकारी आणि पाद्री जहाजांत बसून गेले. मागे शेतकरी, कोळी, बागायतदार आणि एतद्देशीय धर्मगुरू राहिले. काहींनी पूर्वधर्माची वाट धरली, पण बरेच ख्रिस्तीच राहिले.

आमच्या मते वसईच्या ख्रिस्ती उपवासाचा खरा आरंभ १५३४ साली झाला नाही. तो १७३९ साली झाला. त्या वर्षानंतरच्या राखेच्या बुधवारी कपाळ पुढे करणाऱ्यामागे कोणतीही कचेरी उभी नव्हती. राख न लावली तर दंड नव्हता, आणि लावली तर सरकारदरबारी फायदाही नव्हता. राज्यकर्ता आता एकादशी पाळणारा होता. तरीही राख लावली गेली, उपवासकाळ पाळला गेला, आणि त्या लोकांचे वंशज तो आजही पाळतात. उपवासकाळात वसईत सहसा लग्ने होत नाहीत. शुक्रवारी क्रुसाच्या वाटेची भक्ती होते. गुड फ्रायडेला गाव शांत असते. सक्तीने लावलेले रोप सक्ती उठल्यावर वाळून जाते, असा इतिहासाचा सामान्य अनुभव. येथे ते वाळले नाही. याचा अर्थ, पहाऱ्याच्या काळातही त्या लोकांत स्वतःच्या मनाने उपवास करणारे कोणीतरी होतेच. ख्रिस्ती उपवासाला वसईत जगवले त्यांनी.

रोमनेही पुढे हाच धडा आपल्या परीने गिरवला. १७ फेब्रुवारी १९६६ रोजी पोप सहावे पॉल यांनी 'पेनितेमिनी' या आज्ञापत्राने उपवासाचे सक्तीचे दिवस दोनांवर आणले, आणि शुक्रवारच्या मांसवर्जनाऐवजी प्रार्थना किंवा परोपकार सुचविण्याचा अधिकार त्या त्या देशाच्या महागुरूंच्या परिषदांना दिला. पुष्कळांना तेव्हा वाटले, की उपवास संपला. पण त्याआधीच, १९५८ साली, जर्मनीच्या महागुरूंनी 'मिझेरिओर' ही संस्था काढून उपवासकाळातील बचत जगातल्या भुकेल्यांसाठी गोळा करावयास आरंभ केला होता. आपल्याकडे १९६२ साली स्थापन झालेली कारितास इंडिया ही संस्था उपवासकाळात भूक आणि रोग यांविरुद्ध निधी गोळा करते. नियम ढिला झाला, आणि दुसऱ्या शतकातला हर्मासचा तो हिशेब पुन्हा टेबलावर आला : आज काय खाल्ले नाहीस, त्याची किंमत किती, आणि ती कोणाला दिलीस?

मासळी खाऊन उपवास कसला, या प्रश्नाचे उत्तर आता देता येते. मासळीने उपवास मोडत नाही. बचत स्वतःच्या खिशात राहिली तर मोडतो. आणि हे वाक्य एकट्या ख्रिस्ती माणसालाच लागू आहे असे नाही. रोजाबरोबर जकात आणि फित्रा आहेत; आपल्या व्रतांच्या शेवटीही अन्नदान सांगितलेले आहे. तिन्ही घरांतल्या पोथ्यांना हे ठाऊक आहे. विसरतो तो माणूस.

आम्ही हा विषय भिवंडीत मांडण्याचे कारणही हेच. या गावाने १९७० आणि १९८४ ही साले पाहिली आहेत. धर्माची बाहेरची खूण पाहून शेजाऱ्याची पारख करू लागले म्हणजे काय होते, ते येथे पुस्तकातून शिकावे लागत नाही. १७३६ सालच्या त्या जाहीरनाम्याने नेमके हेच केले होते : चूल कधी पेटली आणि कधी विझली यावरून माणूस आपला की परका हे ठरवले. कोण कोणत्या दिवशी जेवत नाही हे आपण एकमेकांचे जरूर जाणून घ्यावे. पण ते जाणावयाचे ते त्याच्या वेळेचा मान राखण्यासाठी, आणि त्याचा उपवास सुटण्याच्या वेळी आपल्या दारातून त्याच्या दारात काही जावे म्हणून. उपवास ज्याचा त्याचा. भाकरी मात्र सगळ्यांची असावी.